‘गिव्ह अप’ची कुळकथा

‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर. मग दोन्ही मिळून हार मानणे किंवा नाद सोडणे कसे झाले? शाळेत याचे उत्तर मिळत नाही. अशा जोड्यांची यादी मिळते आणि ती पाठ करायची असते. या जोडीचा माग काढला तर तो मध्ययुगातल्या किल्ल्यांपर्यंत जातो.

12व्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी राजा स्टीफन आणि त्याची मामेबहीण मटिल्डा यांच्यात यादवी चालली होती. पीटरबरोच्या मठात तेव्हा इंग्रजीत बखर लिहिली जात होती. ती 1154च्या नोंदीवर संपते. या यादवीत काहींनी आपले किल्ले सोडून दिले, ते सांगताना बखरकाराने ही जोडी वापरली. तिच्या सर्वांत जुन्या लेखी खुणांपैकी ही एक. अर्थ अगदी ठोस, किल्ला दुसऱ्याच्या हवाली करणे. आशा, सवयी, प्रयत्न सोडणे ही नंतरची वाढ.

त्या नोंदीत क्रियापदाच्या तोंडी ‘ग’ नाही, ‘य’सारखा उच्चार आहे. आजचा ‘ग’ इंग्लंडात वसलेल्या नॉर्स लोकांच्या बोलीतून आला, असे भाषाभ्यासक मानतात. ‘टेक’ तर सगळेच्या सगळे त्यांचे. त्याने घेण्याचा जुना इंग्रजी शब्द पार हुसकावून लावला.

या बखरीआधीच्या इंग्रजीत ‘अप’सारखे अव्यय बरेचदा क्रियापदाच्या पुढे चिकटलेले असे. जर्मनला ती खोड अजून आहे. तिथे सोडून देणे म्हणजे ‘आउफगेबेन’, पण ‘मी सोडतो’ म्हणताना ते ‘आउफ’ सुटून मागे जाते. इंग्रजीत ते हळूहळू कायमचेच मागे गेले, तरी क्रियापदाशी पुरते जुळले नाही. म्हणून ‘इट’ येताच दोघांना बाजूला सरून त्याला मध्ये जागा द्यावी लागते: ‘गिव्ह इट अप’.

1066च्या नॉर्मन विजयानंतर दरबार आणि न्यायालय फ्रेंच झाले. ‘सरेंडर’, ‘अबँडन’, ‘रिझाइन’ हे त्याच वाटेने आलेले पाहुणे, आणि मानाचे पान त्यांना मिळाले. घरच्या जोड्यांवर ‘बोलीतल्या’ असा शिक्का बसला तो आजतागायत. मला तो अन्याय वाटतो. 1611च्या राजमान्य बायबलात येशूने प्राण सोडल्याचे सांगायला हीच जोडी पुरेशी गंभीर ठरली होती.

खरी मेख आहे ‘अप’मध्ये. ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘ड्राय अप’ यांत वर काहीच जात नाही. काम पुरते संपते, मागे काही उरत नाही. आपण ‘खाऊन टाकले’ म्हणतो तेव्हा तरी कुठे काही फेकतो? मराठीत हे काम दुसरे क्रियापद करते, इंग्रजीत ते एवढेसे अव्यय करते. ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ यांचे स्वभाव ओळखीचे झाले की यादी बरीच आखूड होते. संपत मात्र नाही, कारण काही जोड्या मूळ अर्थापासून फार दूर गेल्या आहेत.

सॅम्युअल जॉन्सनला हे नेमके दिसले होते. 1755च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत त्याने या जोड्या परकीयांना सर्वांत अवघड जातात असे नोंदवले आणि त्या कसोशीने गोळा केल्या. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र त्याच्या फार नंतरचे. निबंधकार लोगन पिअरसॉल स्मिथने ते 1925मध्ये छापले आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवले म्हणून सांगितले.

पाचच वर्षांनी भाषातज्ज्ञ सी. के. ऑग्डेनने जगासाठी सोपे इंग्रजी काढले. शब्द फक्त 850, त्यांत क्रियापदे 18. उरलेल्या क्रियापदांचे काम बरेचसे ‘गिव्ह’, ‘टेक’, ‘पुट’ यांना अव्यये जोडून भागवायचे होते. या जोड्या त्या 850मध्ये मोजलेल्या नव्हत्या.