मॅझिनीचे सम खंड : एका भाषांतरातील निवड

ज्युसेप्पे मॅझिनीच्या लेखनाचा सहा खंडांचा इंग्रजी संग्रह लंडनमध्ये १८६४ ते १८७० या काळात प्रसिद्ध झाला. त्या संग्रहाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. पहिला, तिसरा व पाचवा हे विषम खंड ‘आत्मचरित्रात्मक आणि राजकीय’ लेखनाचे. दुसरा, चौथा व सहावा हे सम खंड ‘समीक्षात्मक आणि वाङ्मयीन’ लेखनाचे. १९०६ साली लंडनला पोहोचलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी याच इंग्रजी मॅझिनीच्या आधारे मराठी ग्रंथ सिद्ध केला आणि १९०७ साली तो पुण्यात छापला गेला. त्या ग्रंथाच्या नावात ‘आत्मचरित्र’ व ‘राजकारण’ हे दोनच शब्द आहेत. म्हणजे विषम खंडांचे शीर्षक मराठीत आले. सम खंड मागे राहिले. ज्युसेप्पेचा ‘जोसेफ’ व्हावा, ही इंग्रजीच्या दारातून आत येण्याची खूण तर आहेच. पण ज्या दारातून तो आला त्या दारापाशीच त्याचे अर्धे सामान राहून गेले, याकडे आपल्या वाङ्मयेतिहासाने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

ही निवड अस्वाभाविक होती असे नव्हे. भाषांतरकार तेवीस वर्षांचा होता, काम त्याने अवघ्या काही महिन्यांत उरकले आणि वाचक म्हणून त्याच्यापुढे महाराष्ट्रातील तरुण होते, समीक्षक नव्हते. मॅझिनीने १८३१ साली मार्सेय येथे स्थापिलेल्या ‘तरुण इटली’ या संघटनेच्या नावाचा पडसाद १९०४ च्या ‘अभिनव भारत’ या नावात ऐकू येतो. इटलीच्या एकीकरणाची कथा मराठीला तोवर अपरिचितही राहिली नव्हती, न. चिं. केळकरांनी गॅरिबाल्डीचे चरित्र लिहिले होते. सावरकरांनी ग्रंथ टिळक व शि. म. परांजपे यांना अर्पण केला आणि प्रस्तावनेत मॅझिनीचे नाते समर्थ रामदासांशी जोडले. धर्म आणि राजकारण यांची फारकत न मानणारा परका विचारवंत मराठी वाचकाला समजावून द्यायचा, तर याहून जवळचे प्रतिरूप सापडणे कठीण होते.

परंतु प्रतिरूप जितके नेमके, तितके ते मूळ व्यक्तीला झाकते. येथे तर ग्रंथाच्या दैवगतीनेही हातभार लावला. सरकारने ग्रंथ जप्त केला आणि त्यावरील बंदी उठली ती १९४६ साली. जवळजवळ चार दशके हा ग्रंथ मोकळेपणाने वाचला जाऊ शकला नाही. तो आठवला गेला. प्रस्तावना तरुणांनी मुखोद्गत केल्याच्या आठवणी आपल्या राजकीय चरित्रवाङ्मयात येतात. प्रस्तावनेने संहितेची जागा घेण्याचे इतके ठळक उदाहरण मराठीत दुसरे सांगणे अवघड आहे. जप्त पुस्तकाचा प्रभाव हा वाचनाचा प्रभाव नसतो. तो कीर्तीचा, कुजबुजीचा, हाती लागलेल्या दोनचार पानांचा प्रभाव असतो. अशा स्थितीत ‘मॅझिनीचा मराठीवरील प्रभाव’ हा शब्दप्रयोग आपण फार सैलपणे करतो.

मग सम खंडांतला मॅझिनी कोण? तो प्रथम वाङ्मयाचा माणूस आहे. १८२६ च्या सुमारास लिहिलेला आणि १८३७ मध्ये छापला गेलेला त्याचा आरंभीचा निबंध दांतेच्या देशप्रेमावर आहे. १८२९ साली फ्लॉरेन्सच्या ‘आन्तोलोजिया’ या नियतकालिकात त्याने एका युरोपीय साहित्याची कल्पना मांडली. राष्ट्राराष्ट्रांची साहित्ये एकमेकांकडे वळत आहेत, असे परक्या सत्तांखाली तुकडे होऊन पडलेल्या देशातला तरुण सांगतो, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. पुढे लंडनच्या वास्तव्यात त्याने कार्लाइलवर इंग्रजीत लिहिले. कार्लाइलशी त्याचा स्नेह होता. तरीही इतिहास म्हणजे थोर पुरुषांची मालिका हा कार्लाइलचा विचार त्याने मान्य केला नाही. व्यक्तीपेक्षा समूहाच्या जीवनाला त्याने मोठे मानले. आपल्याकडे ज्याला विभूतिपूजेच्या पंक्तीत बसविले, तो विभूतिवादाचा टीकाकार होता! सम खंड आले असते तर निदान हा विनोद टळला असता.

सगळ्यात बोलका प्रसंग मात्र उगो फोस्कोलोच्या हस्तलिखितांचा आहे. हा इटालियन कवी निर्वासित म्हणून लंडनजवळ १८२७ साली वारला. दांतेच्या महाकाव्याच्या संहितेवरील त्याचे काम अपुरे राहिले होते. मॅझिनीने ते कागद शोधून काढले, प्रकाशकाला राजी केले आणि त्यातला पहिला ‘नरक’ खंड तेवढा तयार आहे असे दिसल्यावर उरलेल्या दोन खंडांचे पाठभेद जुळविण्याचे किचकट काम स्वतः केले. १८४२-४३ मध्ये ते चार भागांत निघाले. प्रस्तावनेखाली मॅझिनीने आपले नाव घातले नाही. ‘एक इटालियन’ एवढीच सही केली. बंडांची आखणी करणारा माणूस पाठभेद तपासत बसतो, आणि ते राष्ट्रकार्यच आहे असे मानतो. संहिता शुद्ध करणे आणि देश मोकळा करणे ही त्याच्या लेखी दोन कामे नव्हती.

हा मॅझिनी मराठीत आला नाही. पण त्याचे काम मराठीत होत होते, आणि ते आमच्या मराठवाड्याच्या आधाराने होत होते. सावरकरांनी ज्या रामदासांची उपमा वापरली, त्यांच्या दासबोधाची कल्याणस्वामींच्या हातची प्रत परांड्याजवळच्या डोमगावच्या मठातली. शंकर श्रीकृष्ण देवांनी १९०५ साली ती धुळ्याहून प्रकाशात आणली. वि. का. राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची एकनाथपूर्व मानली गेलेली प्रत मिळाली ती बीड जिल्ह्यातील पाटांगण येथे. १९०९ साली ती प्रसिद्ध झाली आणि त्याच सुमारास तिच्या भाषेचे व्याकरणही राजवाड्यांनी लिहिले. बीड आणि परांडा दोन्ही तेव्हा निजामाच्या राज्यात. ब्रिटिश मुलखातले संशोधक सरहद्द ओलांडून येतात, राज्यकारभारात जिला स्थान नाही त्या भाषेच्या पोथ्या मठांतून शोधतात आणि तिसऱ्याच गावी छापतात. फोस्कोलोची संहिता लंडनमध्ये इटालियनांनी छापावी, तसाच हा प्रकार.

साम्य फार ताणू नये. राजवाडे मॅझिनी वाचून पाटांगणला गेले नव्हते. आणि आपली सही पुसणे हा तर राजवाड्यांचा स्वभावच नव्हे. त्यांच्या प्रतीच्या प्राचीनतेविषयी पुढे वाद झाले. मुद्दा प्रभावाचा नाही, विभागणीचा आहे. १९०५ ते १९०९ या चार-पाच वर्षांत मराठीने दोन वेगळ्या फळ्यांवर राष्ट्र लिहिले : एका फळीवर जप्त होणारे चरित्र, दुसऱ्या फळीवर पाठभेदांच्या तळटीपा. आपल्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांनी पुढे पहिली राजकीय इतिहासाकडे दिली, दुसरी ‘प्राचीन मराठी’च्या पत्रिकेकडे. मॅझिनीच्या इंग्रजी संपादकांनीही त्याचे असेच दोन भाग केले होते; पण ते निदान एकाच फडताळात, एकाआड एक ठेवले होते.

याच काळात गांधींनी ‘हिंद स्वराज’मध्ये (१९०९) इटलीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. मॅझिनीला जी इटली हवी होती ती झालीच नाही, सत्ता बदलली पण कष्टकऱ्यांची स्थिती बदलली नाही, असा त्यांचा रोख होता. आणि परिशिष्टातील ग्रंथयादीत त्यांनी मॅझिनीचेच ‘मानवाची कर्तव्ये’ घातले. एकाच इटालियनाला दोन भारतीयांनी दोन टोकांना उभे केले. दोघांच्याही हाती इंग्रजी मॅझिनी होता आणि दोघांनीही त्याचा समीक्षक बाजूला ठेवला.

पदव्युत्तर वर्गात तौलनिक साहित्याभ्यास शिकविताना मी मॅझिनीचे नाव घेतले की विद्यार्थी त्याला क्रांतिकारक म्हणून ओळखतात. दांतेच्या पाठभेदांची गोष्ट सांगितली की त्यांना वाटते, हा दुसराच कोणी मॅझिनी असावा. पाटांगणाचे नाव घेतले तर तेथून तासाभराच्या अंतरावरून येणारी मुलेही तिथल्या देवळाविषयी सांगतात, पोथीविषयी नाही.