खुराडे, पिंजरा आणि सजावट

मौजे रोडपाली, तालुका पनवेल, जिल्हा कुलाबा, अशी नोंद महसुली दप्तरात होत असे, त्या काळी या खाडीलगतच्या मुलखात पाळीव जीवाचे घर उभारण्यासाठी बाजाराची वाट धरण्याचा शिरस्ता नव्हता. भात हे येथील आगरी रयतेचे मुख्य पीक. त्यामुळे कोंबड्यांच्या खुराड्याला लागणारे साहित्य शेतातून, बांधावरून आणि नजीकच्या डोंगरांतून अनायासे मिळे. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, तळाशी भाताचे तूस वा पेंढा, आणि खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसविण्याकरिता बुरडाने विणलेली पाटी, एवढ्यात ते घर सिद्ध होई. त्यातली कोणतीही वस्तू चोचीत गेली तरी जिवाला अपाय नव्हता. तसा विचार कोणी मुद्दाम केला होता असे नव्हे, तर विषारी म्हणावे असे त्या साहित्यात काही नव्हतेच.

शोभेचा पिंजरा ही निराळ्या परंपरेची वस्तू आहे. वात्स्यायनाने नागरकाच्या निवासाचे वर्णन करताना क्रीडापक्ष्यांच्या पिंजऱ्यांचा उल्लेख केला आहे, आणि शुकसारिकांना बोलावयास शिकविणे ही चौसष्ट कलांपैकी एक मानली आहे. तो पिंजरा धनिकाच्या रसिकतेचे भूषण होता. पक्ष्याच्या सुखाचा प्रश्न त्यात दुय्यमच राहिला, हे मान्य केले पाहिजे. पुढे 1840 साली जॉन गूल्डने ऑस्ट्रेलियातून जिवंत बजरीगार इंग्लंडला नेले. त्याच पक्ष्याला आपल्याकडे सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. मुंबईत 1869 साली बांधून झालेल्या क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईत, असे पक्षी, ससे, पांढरे उंदीर विकावयास येऊ लागले आणि ही हौस मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली.

रोडपालीचे रूप पालटले ते 1970 नंतर. त्या वर्षी सिडकोची स्थापना झाली, ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील 95 गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी संपादनाखाली आल्या, भाताच्या खाचरांवर वसाहती उठल्या आणि शेजारी कळंबोलीत पोलादाचा बाजार भरला. तूस, पेंढा आणि कारवी यांच्या जागी जाळी, प्लायवुड आणि डबाबंद रंग आले. माझ्या मते खरा पालट हा आहे: पूर्वी निर्धोकपणा साहित्यातच होता, आता तो करणाऱ्याच्या ज्ञानात असावा लागतो.

जस्ताचा मुलामा दिलेली नवी जाळी चोचीने सतत कुरतडली गेली की जस्त पक्ष्याच्या पोटात जाऊन त्यास विषबाधा होते. म्हणून ती आधी व्हिनेगरने घासून, स्वच्छ धुऊन वाळवावी लागते, आणि तरीही धोका पुरता टळत नाही. रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षांत 90 भागांपेक्षा अधिक नसावे, असे बंधन 2016 च्या नियमांनी घातले. परंतु घरात पडून राहिलेल्या जुन्या डब्यांवर त्या नियमाचा अंमल कसा चालावा? पिंजऱ्याच्या आतली बाजू रंगवूच नये, हे उत्तम. कण्हेर आणि रुई अंगणात कितीही शोभोत, त्यांची डहाळी आत जाता कामा नये. पेरूची सालीसकट फांदी मात्र बसावयास आणि कुरतडावयास सारखीच उपयोगी. सुटी सुतळी नखांत अडकते, डांबरगोळ्यांचा वास घातक ठरतो, आणि सशाला जाळीच्या तळावर ठेवल्यास त्याच्या पायांना जखमा होतात. तेथे पेंढ्याचा जाड थर हवा. पक्ष्यासाठी कुंभाराचे कोरे मडके आडवे टांगले की सजावट आणि घरटे दोन्ही साधते. आंब्याची रिकामी पेटी, खिळे उपटून घेतल्यास, उंदरांच्या आडोशाला पुरते.

कायदाही या बाबतीत मूक नाही. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमानुसार प्राण्याला पुरेशी हालचाल करता येईल एवढी उंची, लांबी आणि रुंदी पिंजऱ्यास असणे बंधनकारक आहे, आणि 1972 च्या वन्यजीव अधिनियमान्वये आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हाच गुन्हा आहे. 1968 पासून अभयारण्य असलेला कर्नाळ्याचा डोंगर पनवेलकरांना इतका जवळ असताना रानपक्षी पाहण्यासाठी पिंजऱ्याची गरजही नाही.

रोडपालीत आजही जुन्या घरांतून खुराडे बांधण्याची रीत ठाऊक असलेली वडीलधारी माणसे असतील. मुलांनी पिंजऱ्यासाठी जाळी विकत आणण्यापूर्वी, पालकांनी त्यांना एकदा अशा आजी-आजोबांकडे न्यावे, ही विनंती.