जमशेटजींचे दान आणि मुळशीचे पाणी

आज एखादा धनिक नव्या तंत्रज्ञानात भांडवल घालतो, मिळकतीचा मोठा हिस्सा न्यासाकडे वळवतो, आणि वर्तमानपत्रे त्याला नव्या युगाचा दाता म्हणतात. आपल्याकडे ही रीत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. जमशेटजी टाटा (१८३९–१९०४) यांना आपण गिरणीमालक म्हणून ओळखतो. मला ते त्याआधी तंत्रज्ञानातले गुंतवणूकदार वाटतात.

१८७७ मध्ये त्यांनी एम्प्रेस मिल काढली ती मुंबईत नव्हे, तर कापसाच्या मुलखात, नागपुरात. लँकेशायरचे गिरणीवाले जुन्या म्यूल यंत्रांना चिकटून होते, तेव्हा त्यांनी रिंग चात्या चालवून पाहिल्या आणि फायद्याच्या ठरताच स्वीकारल्या. पोलाद, जलविद्युत आणि विज्ञानसंस्था ही त्यांची मोठी स्वप्ने मात्र त्यांच्या पश्चातच पुरी झाली.

त्यांच्या दानाची तऱ्हाही गुंतवणूकदाराचीच होती. १८९२ मध्ये त्यांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी उभारला. त्यातून मिळणारा पैसा बक्षीस नव्हता, कर्ज होते. शिकून कमावता झालेल्याने ते फेडायचे, म्हणजे पुढच्याला मिळेल. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये आणि गंगाजळीही आटू नये, असे दोन्ही हेतू या एका अटीत साधले. १८९८ मध्ये विज्ञानसंस्थेसाठी त्यांनी सुमारे ३० लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली. लॉर्ड कर्झन मुंबईत उतरले त्याच्या दुसऱ्याच दिवशी शिष्टमंडळाने योजना त्यांच्यापुढे ठेवली. अशा संस्थेला विद्यार्थी मिळतील का, अशी शंका कर्झनना होती. म्हैसूर संस्थानाने बंगळूरला सुमारे ३७० एकर जमीन दिली. १९०९ मध्ये संस्थेला मान्यता मिळाली आणि १९११ मध्ये पहिले विद्यार्थी आले. तोवर दाता जाऊन सात वर्षे झाली होती.

इथवरची कथा आपल्या पाठ्यपुस्तकांतही सापडते. तिचा पुढचा भाग मात्र दुसऱ्याच पुस्तकात असतो, आणि ही दोन पुस्तके सहसा एका टेबलावर येत नाहीत.

सह्याद्रीचा पाऊस अडवून मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायची, ही जमशेटजींची कल्पना त्यांच्या मुलांनी तडीस नेली. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईत पोहोचली. दूरवरून आणलेल्या कोळशाचा खर्च आणि धूर दोन्ही कमी झाले. मग आणखी धरणे हवीशी झाली. पुण्याच्या पश्चिमेला नीला आणि मुळा यांच्या खोऱ्यात मुळशीचे धरण ठरले. आंबेमोहोर पिकवणारी पन्नासहून अधिक गावे त्यात बाधित होणार होती. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. हे बापट यंत्रांचे शत्रू नव्हते. मंगळदास नथुभाई यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीवर ते एडिंबरोला यंत्रविद्या शिकायला गेले होते. एका धनिकाच्या दानातून शिकलेला माणूस दुसऱ्या धनिक घराण्याच्या धरणासमोर उभा राहिला.

लढा १९२४ पर्यंत टिकला आणि हरला. त्याची एक फट आतच होती. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. भरपाईचा आकडा पटताच त्यांतले अनेक जण बाजूला झाले. कसणाऱ्या कुळांच्या नावावर काही नव्हते, म्हणून त्यांच्या पदरातही फारसे काही पडले नाही. १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याची वीज तयार होऊ लागली.

जमशेटजी १९०४ मध्येच वारले होते. मुळशीचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पुढे टाटा न्यासांनी उभारलेल्या संस्थांचे मोलही मी कमी लेखत नाही. त्यांतल्याच टाटा समाजविज्ञान संस्थेने सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या पुनर्वसनाचे मूल्यमापन केले, तेव्हा त्याच परंपरेने दुसरी बाजू पाहण्याची साधनेही घडवली असे म्हणावे लागते.

तरीही माझा आक्षेप उरतो. न्यासाची ओंजळ कंपनीच्या नफ्याने भरते, आणि नफा जमीन, पाणी, श्रम यांतून येतो. दानाचा इतिहास लिहिताना आपण ओंजळीपासून सुरुवात करतो. त्यामुळे ज्यांच्या शेतांवर तलाव झाला ते मावळे या इतिहासात येतच नाहीत. खरे तर त्या उद्योगात त्यांचेही भांडवल होते. त्यांना समभाग तेवढे मिळाले नाहीत.

इथे जमशेटजींचीच कसोटी लावावीशी वाटते. ज्याला पुढे जायला मदत झाली, त्याने ती फेडावी. होतकरू विद्यार्थ्याला हा नियम त्यांनी सन्मान म्हणून लावला. तोच नियम मुंबई शहराला, तिच्या गिरण्यांना आणि वीज विकणाऱ्या कंपनीला लावला, तर मुळशीची जमीन हे घेतलेले कर्ज ठरते. खोऱ्यातल्या पिढ्यांना पुढे जे काही मिळाले, ते उपकार म्हणून मोजायचे की त्या कर्जाचा हप्ता म्हणून, हे ठरल्याशिवाय टाटांच्या दातृत्वाचा इतिहास पुरा लिहिला गेला असे मला म्हणता येत नाही.