मोटारीचा घाट कोणी घडवायचा?

बालाघाट जिल्ह्याचा आणि देखण्या स्पोर्ट्स मोटारींचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडेल. पण संबंध आहे, आणि तो जमिनीतला आहे. आमच्या भरवेलीच्या खाणीतून इंग्रजी अमदानीपासून मँगनीज निघते. पोलादाला बळकटी देणाऱ्या या धातूवाचून मोटारीचा सांगाडा उभा राहत नाही. मलाजखंडला १९८२ पासून तांबे काढले जाते आणि विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांना ते जुन्यांहून कितीतरी अधिक लागते. म्हणजे मोटारीचे हाडमांस आम्ही पुरवतो. तिचा घाट मात्र दूर कुठेतरी, दुसऱ्याच कुणाच्या पेन्सिलीतून उतरतो. हे असे का झाले, याचा मागोवा मराठी मुलखापुरता घेतला तरी पुष्कळ काही हाती लागते.

मोटारवेड्यांच्या बैठकीत एक वाद हटकून निघतो. प्रदर्शनात मांडलेली नमुनागाडी चित्र म्हणून पाहायची की वाहन म्हणून? हा वाद नमुनागाडीइतकाच जुना आहे. १९३८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या हार्ले अर्ल यांनी 'ब्यूक वाय-जॉब' नावाची गाडी बनवली. ती विक्रीसाठी नव्हतीच. उद्याची मोटार कशी दिसेल ते लोकांना दाखवण्यासाठी होती. पहिली नमुनागाडी म्हणून तिचेच नाव घेतात. आधी कागदावर रेखाटन, मग मातीची प्रतिकृती आणि शेवटी पत्रा, ही रीतही अर्ल यांनीच रुळवली. आमच्या कुंभाराला यात नवल वाटणार नाही.

पुढे इटलीत या कलेला बहर आला. बेर्तोने यांच्या कार्यशाळेत मार्चेल्लो गांदिनी यांनी १९७० साली 'स्ट्रॅटोस झिरो' घडवली. उंची अवघी ८४ सेंटिमीटर! दार म्हणून समोरची काचच उचलायची आणि आत उतरायचे. चित्र म्हणून अप्रतिम. पण अशा गाडीतून रोज बाजारात कोण जाईल? त्यांचीच १९७१ ची 'काउंटाश' अधिक शिकवून जाते. जिनिव्हाच्या प्रदर्शनात तिच्या पाचरीसारख्या स्वच्छ अंगावर लोक लुब्ध झाले. रस्त्यावर मात्र इंजिन तापू लागले, आणि १९७४ साली गाडी विक्रीला आली तेव्हा तिच्या अंगावर हवा ओढणारी मोठी भोके व पेट्या बसल्या होत्या. मूळची रेघ शुद्ध की नंतरची, यावर शौकीन आजही हमरीतुमरीवर येतात. खरे पाहता, रेघ कितपत टिकते हे रस्ताच ठरवतो.

आता आपल्या मुलखाकडे वळू. मध्य प्रदेशातल्या मराठी माणसाने मनासारखी स्पोर्ट्स मोटार घडवून घेतल्याचे ठळक उदाहरण इंदूरचे आहे. दुसरे यशवंतराव होळकर हे नव्या कलेचे मोठे भोक्ते. माणिकबाग राजवाडा त्यांनी एकार्ट मुथेसिऊस या जर्मन वास्तुकाराकडून बांधून घेतला. त्याच दृष्टीने १९३५-३६ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीचा एसजे जातीचा सांगाडा घेतला आणि लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून त्यावर उघड्या टपाची बॉडी चढवून घेतली. लांब नाक, मागे निमुळती होत जाणारी शेपटी, रंग नारिंगी आणि काळा. इंजिन ३२० अश्वशक्तीचे म्हणून नावाजलेले. जगातल्या निवडक सुंदर मोटारींत तिची गणना होते.

ही गाडी मराठी संस्थानिकाची खरी, पण तिच्यात इंदूरचे काय होते? आवड महाराजांची आणि पैसा रयतेचा. रेघ लंडनची, यंत्र अमेरिकेचे. होळकरांच्या राज्यात हातोडी चालवणारे कारागीर काही कमी नव्हते. पण त्या पत्र्याला त्यांचा हात लागला नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट इचलकरंजीची. तेही आमच्यासारखेच सीमेवरचे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेले गाव. तिथल्या शंकरराव कुलकर्णी यांनी यंत्रशास्त्राचे कोणतेही रीतसर शिक्षण नसताना १९४५ च्या सुमारास छोट्या मोटारीचा ध्यास घेतला. १९४९ साली त्यांची पहिली दोन आसनी गाडी तयार झाली. नाव 'मीरा'. पुढची वीस-पंचवीस वर्षे ते एकामागून एक नमुने करत राहिले. इंजिन मागे, धक्के शोषायला पोलादी पाट्यांऐवजी रबर, आणि सुटे भाग शक्य तितके कमी. ही काही शर्यतीची गाडी नव्हे. पण नमुनागाडीचा अर्थ जर 'उद्याची मोटार अशी असावी' असे धिटाईने सांगणे हा असेल, तर मीराइतकी खरी नमुनागाडी मराठी मुलखात दुसरी दाखवता येणार नाही. तिचा आकार तिच्या उपयोगातून आलेला होता. पण ती नमुन्याच्या पुढे गेली नाही. कारखान्यातून रांगेने बाहेर पडण्याचे भाग्य तिच्या वाट्याला आले नाही.

तो काळच तसा होता. १९५१ च्या औद्योगिक कायद्यानंतर काय बनवायचे आणि किती, हे परवान्यावर ठरू लागले. ज्यांच्याकडे परवाना होता त्यांना रूप बदलण्याची निकड राहिली नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ च्या सुमारास जी फियाट निघाली, तीच थोडाफार साज बदलून 'पद्मिनी' या नावाने शतक संपेपर्यंत निघत राहिली. मुलगा शाळेत जाऊन, शिकून, लग्न होऊन बाप झाला तरी दारातल्या गाडीचा चेहरा तोच! मुंबईकरांनी त्या चेहऱ्यावर टॅक्सी म्हणून माया केली हे खरे. पण मायेने रेघ पुढे जात नाही.

१९९३ साली मोटारींवरचा परवाना उठला आणि दबलेली हौस उफाळून आली. १९९८ साली गोव्याच्या 'सॅन स्टॉर्म'ने फायबरच्या अंगाची दोन आसनी उघडी गाडी बाजारात आणली. आराखडा फ्रान्सचा आणि इंजिन रेनॉचे. टाटांनी २००० साली जिनिव्हात 'आरिया' ही उघडी स्पोर्ट्स मोटार मांडली. ती रस्त्यावर आलीच नाही. २०१० साली तिचे नाव तेवढे एका कुटुंबाच्या मोठ्या गाडीला मिळाले. दिलीप छाब्रिया यांची 'अवंती' २०१२ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात झळकली. तिची रेघ इथली, इंजिन पुन्हा रेनॉचेच. ती पुण्याजवळ तयार झाली आणि मोजक्या शौकिनांच्या दारी पोहोचली. २०१७ साली टाटांची 'रेसमो' जिनिव्हात आली. १९० अश्वशक्ती, वर उघडणारी दारे, जाणकारांनी वाखाणली. पण तीही विक्रीला आली नाही.

हा सारा हिशेब मांडला की एक गोष्ट लक्षात येते. गाडीचा घाट घडायला तीन गोष्टी लागतात: पेन्सिल, थैली आणि परवाना. होळकरांकडे थैली होती, परवान्याची अडचण नव्हती. पेन्सिल परक्याची होती. कुलकर्ण्यांच्या हाती पेन्सिल होती. थैली आणि परवाना दोन्ही दूर राहिले. आज परवान्याचा जाच नाही, थैल्याही भरल्या आहेत. पण खर्च भरून निघेल इतके गिऱ्हाईक स्पोर्ट्स मोटारीला मिळत नाही, म्हणून नमुना प्रदर्शनातूनच घरी परततो.

तरीही पूर्वीपेक्षा दिवस बरे आहेत. पवईच्या आयआयटीत औद्योगिक आकल्पनाचे शिक्षण १९६९ पासून मिळते. भोपाळला २०१९ पासून राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू आहे. धार जिल्ह्यात पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणीमार्ग २०२१ साली खुला झाला. म्हणजे आमच्याच राज्यात आता रेघ शिकताही येते आणि तिची परीक्षाही घेता येते. बालाघाटहून भोपाळ दूर आहे, पण लंडनइतके नाही.

अडचण आहे ती घरात. वारासिवनी-कटंगीकडचा एखादा मुलगा वहीच्या मागच्या पानावर मोटारी काढत बसला, तर त्याच्या पाठीत धपाटा बसतो. खाणीत, रेल्वेत किंवा कचेरीत चिकटला की गंगेत घोडे न्हाले, ही आमची समजूत. खनिज पाठवणारा जिल्हा म्हणून आमची ओळख शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिचा आम्हांला अभिमानही आहे. पण ट्रकभर मातीचे मोल किती आणि कागदावरच्या एका रेघेचे मोल किती, हे मोटारीच्या किमतीतच लिहिलेले असते. ते मागचे पान फाडण्यापूर्वी बापाने एकदा नीट पाहावे, एवढेच सांगणे.