घरपोच येणारं किट आणि न दिसणारं रक्त

अमेरिकेत राहणाऱ्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या तुमच्या नातेवाइकांना विमा योजनेकडून टपालाने एक किट येऊ शकतं. शौचाचा नमुना घरीच घ्यायचा आणि प्रयोगशाळेला पाठवायचा. किळस वाटली ना? पण कल्पना जुनी आहे.

ओहायोचे डॉ. डेव्हिड ग्रेगर यांनी १९६७ साली ती मांडली. ग्वायकम झाडाचा राळेसारखा चीक लावलेल्या कागदावर रुग्णाने तीन दिवस नमुना लावायचा. त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की डोळ्यांना न दिसणारं रक्तही निळं उमटे. अडचण पथ्याची; मटणच काय, मुळा खाल्ला तरी कागद निळा होऊ शके!

मिनेसोटात ४६ हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली आले. दरवर्षी चाचणी देणाऱ्या गटात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी होते. मात्र तिथे चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांना पुढे कोलोनोस्कोपीसाठी बोलावलं जाई.

आजची 'फिट' चाचणी फक्त माणसाचं हिमोग्लोबिन ओळखते, त्यामुळे पथ्य सुटलं. कोलोनोस्कोपी सुटलेली नाही. 'मूळव्याध असेल' म्हणून पॉझिटिव्ह रिपोर्ट कपाटात ठेवू नका. आणि शौचावाटे रक्त दिसतच असेल, तर किटची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.