सत्तूर, सतर आणि कसाब

पनवेलच्या मटणाच्या दुकानांत ओंडक्यावर आपटणारे रुंद पात्याचे जड हत्यार म्हणजे सत्तूर. शब्द अरबी 'सातूर'वरून आलेला, अर्थही तोच. आम्ही उर्दूच्या वर्गात तो सीन, तोय, रे या अक्षरांनी फळ्यावर लिहिला की त्यातच 'सतर', म्हणजे वहीतली ओळ, दिसते. छापखान्यापूर्वीचे कातिब पुठ्ठ्यावर दोरे ताणून कागदावर ओळी उमटवत. त्या साधनाचे नाव 'मिस्तर'. तेही याच तीन अक्षरांचे!

मराठी बातम्यांत मात्र सत्तूर येतो तो कोयता आणि तलवारीच्या रांगेत, पंचनाम्यातले शस्त्र म्हणून. वास्तविक जबह होते धारदार सुरीने. सत्तूर नंतर येतो. त्याचे काम धारेपेक्षा वजनावर चालते. हाड नेमके सांध्यावर तोडायचे, म्हणजे चुरा होत नाही. कुर्बानीचे तीन वाटे पडतात तेही त्याच्याच जिवावर. घरच्यांचा, नातलगांचा आणि गरिबांचा. मारण्याचे नव्हे, वाटून देण्याचे हे हत्यार आहे, हे आम्हांला मुद्दाम सांगावेसे वाटते.

बोलभाषेने या धंद्यातले पुष्कळ उचलले. जास्त पैसे घेणारा दुकानदार गिऱ्हाईक 'कापतो', फसणारा 'बकरा' होतो. यात कोणाला काही लागत नाही. 'कसाई'चे तसे नाही. तो निर्दय माणसाचा पर्याय होऊन बसला. उर्दूत हा शब्द स्वादने लिहितात तसा सीननेही लिहिलेला आढळतो. सीनवाले त्याचा संबंध 'कसावत'शी, म्हणजे काळजाच्या कठोरपणाशी जोडतात. आम्हांला हे पटत नाही. मूळ 'कस्साब' स्वादचाच, कापणाऱ्याचा. एका अक्षराच्या फरकाने अख्ख्या बिरादरीच्या काळजावर शेरा मारला जातो.

त्यात नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर 'कसाब' हे एका हल्लेखोराचे नाव झाले. २०१२ मध्ये त्याला येरवड्यात फाशी झाली, पण शब्द सुटला नाही. खेळाच्या मैदानात मुलाला डिवचायला तो आजही पुरतो. पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करणाऱ्या घरांनी आपल्या कामाला काय म्हणावे?

काफ, स्वाद, बे याच अक्षरांतून 'कसबा'ही झाला. १८५२ साली नगरपालिका मिळालेले आमचे पनवेल असाच एक जुना कसबा. मराठीतले 'कसब' मात्र वेगळ्या अक्षरांचे, काफऐवजी केफ आणि स्वादऐवजी सीन. त्याचा मूळ अर्थ कमाई. देवनागरीत हा भेद दिसत नाही, म्हणून आम्ही तिन्ही शब्द फळ्यावर दोन्ही लिप्यांत लिहितो.