रोजचा दिवस पानावर कसा आला

डिजिटल स्क्रॅपबुकचे पान म्हणजे छायाचित्रे, तारखा, छोटा मजकूर आणि सजावटीचे तुकडे एका चौकटीत मांडून संगणकावर किंवा मोबाइलवर तयार केलेली प्रतिमा. ती छापून वहीत लावता येते, नातेवाइकांना पाठवता येते किंवा नुसती जपून ठेवता येते. लग्न, मुंज, वाढदिवस अशा प्रसंगांपेक्षा स्वयंपाकघरातली सकाळ, शाळेत निघालेले मूल, दुपारी ओट्यावर टेकलेली आजी असे साधे क्षण टिपणे हा या पानाचा मूळ हेतू मानला जातो. हे तंत्र अमेरिकेतून आलेले असले, तरी घरातल्या जगण्यापैकी काय चौकटीत घ्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे, हा त्यामागचा प्रश्न पालघर, बोईसर आणि तारापूरच्या पट्ट्याला नवा नाही. या भागात त्या प्रश्नाची उत्तरे आधी भिंतीवर आणि नंतर फोटोच्या अल्बमात शोधली गेली. रोजच्या दिवसाला मात्र दोन्ही ठिकाणी बराच काळ दाराबाहेरच थांबावे लागले, आणि याची कारणे जितकी श्रद्धेत आहेत तितकीच खर्चातही आहेत.

1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, विशेषतः डहाणू, तलासरी, जव्हार आणि विक्रमगड या तालुक्यांत, वारली या आदिवासी समाजाच्या घरात लग्न ठरले की कुडाची भिंत शेणामातीने सारवून तिच्यावर गेरूचा हात दिला जातो आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्याने तिच्यावर लग्नचौक काढला जातो; वारली बोलीत या कामाला चौक लिहिणे असेच म्हणतात. हा चौक काढण्याचा मान परंपरेने सवाष्ण स्त्रियांचा असतो आणि लग्नविधीतली गाणी धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री पुरोहित, म्हणते. चौकाच्या चारही बाजूंना नक्षीच्या पट्ट्या एकीत एक गुंफलेल्या असतात, मध्ये पालघाट ही सुफलनाची देवी असते, तिच्या आसपास फणी, शिडी, सूर्य आणि चंद्र असतात, आणि जवळच्या लहान देवचौकात पंचशिर्या हा घोड्यावरचा देव उभा असतो. चौक पुरा झाल्याशिवाय लग्न लागत नाही. झाडे, जनावरे, ताडावर चढणारा माणूस, तारपा हे फुंकवाद्य वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरलेली माणसे ही सगळी या चित्रात असतात, मात्र बहुतेक वेळा चौकटीच्या बाहेर, तिच्या कडेकडेने असतात. वारली घराचा रोजचा दिवस असा भिंतीवर होता, पण देवीच्या सोबतीला होता. त्याच्यासाठी कोणी भिंत सारवत नव्हते. चौक टिकावा अशीही अपेक्षा नव्हती. तो धुराने काळवंडे, पावसाळ्यात ओघळे, आणि घरात पुढचे लग्न निघाले की त्याच्या जागी नवा येई.

हा क्रम सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस बदलला. अखिल भारतीय हस्तकला मंडळात पुपुल जयकर यांनी ग्रामीण चित्रकलेला कागद पुरवण्याचे धोरण पुढे नेले होते आणि त्यांच्याकडून आलेले चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू तालुक्यातल्या गंजाड परिसरात कागद आणि रंग घेऊन पोहोचले. तिथे त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. लग्नाचे निमित्त नसतानाही चित्र काढणारा हा माणूस होता आणि तो पुरुष होता, या दोन्ही गोष्टी रूढीला सोडून होत्या. कागदाला विधी नव्हता, त्यामुळे देवीही आवश्यक राहिली नाही, आणि जे आजवर कडेला होते ते मध्यभागी आले. भाताची झोडपणी, मुंग्यांचे वारूळ, धावती आगगाडी हे विषय म्हसे यांनी पूर्ण कागदभर रंगवले. त्यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रात तर बारीक पांढऱ्या रेषांचे विणकाम जवळजवळ सगळा कागद व्यापते, आणि जाळे टाकणारा माणूस त्यापुढे मुठीएवढा उरतो. 1976 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 1989 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. हा गौरव सर्वस्वी योग्य होता. मात्र त्यांच्या आधी कित्येक पिढ्या भिंतीवर चौक लिहिणाऱ्या बायकांपैकी फारच थोड्यांची नावे कुठे नोंदली गेली, ही खंत या इतिहासातून वगळता येत नाही, कारण घरगुती नोंद करणारा हात बहुतेक ठिकाणी बाईचाच राहिला आहे.

किनाऱ्याच्या बाजूला, म्हणजे सातपाटी, केळवे, माहीम, चिंचणी, तारापूर या वाडवळ आणि मांगेला वस्तीच्या गावांत, कुटुंबाची चित्ररूप नोंद आली ती फोटोच्या वाटेने. मुंबईत 1854 मध्येच छायाचित्रण संस्था स्थापन झाली होती आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होते. मुंबई-बडोदे लोहमार्ग 1864 पर्यंत जुळल्यामुळे हा पट्टा मुंबईला जोडला गेला, पण कॅमेरा घरात यायला आणखी शंभर वर्षे लागली. कोडॅकने 1900 मध्ये एका डॉलरला विकायला काढलेल्या ब्राउनी पेटी-कॅमेऱ्याने अमेरिकेत घरगुती फोटो सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणला. भारतात मात्र स्वातंत्र्यानंतरच्या आयात-निर्बंधांमुळे कॅमेरा आणि फिल्म दोन्ही महाग राहिले. 1960 मध्ये उदगमंडलम येथे सरकारी मालकीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स स्थापन झाली आणि पुढे ‘इंदू’ नावाने देशी फिल्म मिळू लागली, आग्फाचा क्लिक-3 हा साधा कॅमेरा मध्यमवर्गाच्या कपाटात दिसू लागला, तरी फोटो ही मोजून-मापून करायची गोष्ट होती. एका रोलमध्ये बारा, पुढच्या काळात छत्तीस फोटो बसत, रोल धुवायला टाकावा लागे आणि प्रत्येक प्रतीला पैसे पडत. अशा हिशेबात भाजी निवडणाऱ्या आईवर फिल्म कोण खर्च करणार? लोक ठेवणीतले कपडे घालून, केस विंचरून स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासमोर उभे राहत, आणि तो फोटो काळ्या जाड पुठ्ठ्याच्या पानावर कागदी कोपऱ्यांत अडकवून वर पातळ बटर पेपर घातला जाई. त्या अल्बमची पाने चाळली तर वर्षाचे दोन-तीन दिवसच समोर येतात, बाकीच्या दिवसांचा मागमूसही त्यात नसतो.

तारापूर अणुविद्युत केंद्राचे पहिले दोन संच 28 ऑक्टोबर 1969 रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. देशातले हे पहिलेच अणुविद्युत केंद्र होते. त्याच्या कर्मचाऱ्यांची वसाहत बोईसरला उभी राहिली, पाठोपाठ औद्योगिक विकास महामंडळाची वसाहतही वाढली, आणि भातशेती व मासेमारी यांवर जगणाऱ्या या पट्ट्यात देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली, मासिक पगारावर चालणारी कुटुंबे राहू लागली. घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला फोटोची गरज वेगळी असते. गावाकडच्या आईवडिलांना नातवंड कसे दिसते, क्वार्टर कशी आहे, दारात काय लावले आहे, हे पत्रासोबत पाठवायचे असते. म्हणून रोजच्या आयुष्याला फोटोत पहिला प्रवेश अशा स्थलांतरित घरांनी दिला असे मानायला जागा आहे. ऐंशीच्या दशकात स्वस्त छोटे कॅमेरे आणि काही तासांत रंगीत फोटो काढून देणाऱ्या मिनी लॅब आल्यावर हा प्रवेश थोडा रुंद झाला, इतकेच.

स्क्रॅपबुक या वहीचा प्रवास मात्र निराळ्या समाजात झाला. कात्रणे, पत्रे, तिकिटे, वाळलेली फुले चिकटवण्याच्या वह्या एकोणिसाव्या शतकातील युरोप-अमेरिकेत इतक्या रूढ होत्या की लेखक मार्क ट्वेन यांनी पानावर आधीच गोंद लावलेल्या वहीचे पेटंट 1873 मध्ये घेतले. आजच्या कौटुंबिक स्क्रॅपबुकची लाट 1980 मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातून उठली. तिथे मेरीएलन क्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाच्या पन्नास वह्या सॉल्ट लेक सिटीतील वंशनोंदींच्या जागतिक परिषदेत मांडल्या, आणि वंशावळ जपणे हे धर्मकर्तव्य मानणाऱ्या मॉर्मन समाजात ती कल्पना लगेच रुजली. घरगुती वापरासाठीचे फोटोशॉप एलिमेंट्स 2001 मध्ये बाजारात आल्यावर कात्री आणि गोंदाची जागा संगणकाने घेतली. बारा इंच लांब-रुंद पान, प्रत्येक इंचाला 300 बिंदू, म्हणजे प्रत्येक बाजूस 3600 बिंदूंची प्रतिमा, हे माप रूढ झाले. कागदाचा पोत, त्यावर फोटो, त्यावर फीत किंवा बटण आणि सर्वांत वर मजकूर अशा एकमेकांवर ठेवलेल्या पारदर्शक थरांनी हे पान बनते, आणि या वस्तूंच्या जुळवून विकल्या जाणाऱ्या संचाला किट म्हणतात.

पालघर-बोईसरला हेच थरांचे तंत्र आले, पण घराच्या दारातून नव्हे, तर लग्नाच्या मांडवातून. 2000 नंतरच्या दशकात फोटो चिकटवलेल्या अल्बमच्या जागी सगळीकडेच करिझ्मा अल्बम आला. यात बारा बाय छत्तीस इंचांच्या जोडपानावर अनेक फोटो संगणकावर मिसळून एकसंध छापले जातात. स्टुडिओतल्या कारागिराकडे सीडीवर आलेले शेकडो तयार आराखडे असत, ज्यांत गुलाबाच्या पाकळ्या, राजवाड्याची कमान, ढगांतून उतरणारा प्रकाश अशी पार्श्वभूमी तयार असे आणि ठरलेल्या जागी नवरा-नवरीचे चेहरे बसवायचे एवढेच काम उरे. त्या पानांवरचा मजकूर बहुधा इंग्रजीच असे. यामागे मोठेपणाचा सोस होता हे खरे, पण एक निखळ तांत्रिक अडचणही होती. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेतातले देवनागरी जोडाक्षर तुटत असे, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडत असे, आणि मराठी लिहायचे तर श्री-लिपीसारखी वेगळी अक्षरप्रणाली आणि तिचा वेगळा कळफलक शिकावा लागत असे. आईच्या हातच्या पदार्थाचे नाव फोटोखाली शुद्ध लिहिता येत नसेल, तर त्या फोटोखाली काहीच लिहिले जात नाही, आणि असे न लिहिलेले नाव सहसा पुढच्या पिढीपर्यंत जात नाही. घरगुती नोंदीच्या इतिहासात या अडचणीकडे आजवर फार दुर्लक्ष झाले आहे.

ही कोंडी मोबाइलने फोडली. फोटोला पैसे पडेनासे झाले, देवनागरी कळफलक प्रत्येक फोनमध्ये आला, 2016 मध्ये इंटरनेट स्वस्त झाले, आणि पान जुळवण्याची साधी साधने फुकट मिळू लागली. परिणामी, देवी किंवा लग्न यांचे निमित्त नसताना एखाद्या मंगळवारचे पान करणे या पट्ट्यात पहिल्यांदाच कोणालाही शक्य झाले. त्या पानाचे स्वरूप समजण्यासाठी बोईसरच्या एखाद्या घराचे उदाहरण कल्पावे. एप्रिल 2013 मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आल्यापासून पहाटेची गाडी हे इथल्या असंख्य घरांचे घड्याळ झाले आहे. पानाच्या डावीकडे ओट्यावर उघडे ठेवलेले तीन डबे, एकात भाजी, एकात पोळ्या, तिसरा अजून रिकामा. मध्ये दाराजवळ बूट घालणारा मुलगा, ज्याचा चेहरा हलल्यामुळे पुसट आला आहे. उजवीकडे पासाचा फोटो आणि त्याखाली दोन ओळी, की आज गाडी चुकली आणि भाजी वालाची होती. स्टुडिओने हा फोटो हलला म्हणून बाद केला असता, पण घराच्या दृष्टीने तीच त्या सकाळची खरी खूण आहे. पान जुळवणारी व्यक्ती काय ठेवायचे, काय गाळायचे हे स्वतः ठरवते, आणि चौक लिहिणाऱ्या सवाष्णींनंतर हा अधिकार प्रथमच कारागिराच्या हातातून घरच्या माणसाच्या हातात परतला आहे.

या परतण्याला एक कटू बाजूही आहे. सजावटीच्या किटमध्ये तारपा-नृत्याचा फेर आणि वारली आकृत्यांच्या किनारी सर्रास मिळतात. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळाले असले, तरी पडद्यावर कॉपी होणाऱ्या आकृतीला ते फारसे वाचवू शकत नाही. ज्या जिल्ह्यात ही चित्रे भिंतीवर जन्मली, त्याच जिल्ह्यातल्या घरगुती पानावर ती कोणा दूरच्या संगणकावरून निनावी नक्षी होऊन उतरावीत, हे अन्यायाचे आहे. किनार हवीच असेल, तर ती जवळच्या पाड्यावरच्या चित्रकाराकडून काढून घेणे अजिबात अवघड नाही.

साध्या फोटोचे मोल किती वाढू शकते, हे तारापूरने पाहिले आहे. अणुविद्युत केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही किनाऱ्यावरची गावे उठवण्यात आली आणि तेथील कुटुंबांचे पुनर्वसन झाले. चौथा संच 2005 मध्ये आणि तिसरा 2006 मध्ये सुरू झाला. अशा उठलेल्या गावात काढलेल्या कोणत्याही फोटोत माणसांच्या पाठीमागे जे दिसते, मग ती विहीर असो, पडवी असो वा मासळी वाळत घालायची जागा असो, ते आता दुसरीकडे पाहायला मिळत नाही. फोटो काढणाऱ्याचा रोख पुढच्या माणसावर होता, पण इतिहासाला त्याची पार्श्वभूमी हवी असते. म्हणून अशा जुन्या प्रती स्कॅन करून, म्हणजे त्यांची संगणकीय प्रत काढून, जाणत्या माणसांसमोर बसून पान करणे निकडीचे आहे, कारण समुद्रकाठच्या दमट, खारट हवेत फोटोच्या कागदावर बुरशी लवकर चढते आणि चिकट पानांच्या अल्बममधला गोंद पिवळा पडून प्रतीलाच खातो. नुसती फाइल करूनही भागत नाही. गूगल फोटोजने 2015 मध्ये देऊ केलेली अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021 पासून बंद केली. तेव्हा एक प्रत घरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे आणि निवडक पाने कागदावर छापून ठेवणे हाच सध्या भरवशाचा मार्ग आहे. पानावर प्रत्येक चेहऱ्याचे नाव, आळीचे किंवा पाड्याचे नाव आणि साल लिहावे, आणि आजी फोटोकडे बोट दाखवून जे सांगेल ते तिच्याच मांगेली, वाडवळी किंवा वारली बोलीत, प्रमाण मराठीत न वळवता, जसेच्या तसे उतरवावे. त्यासाठी लागणारी अक्षरे आता प्रत्येक फोनच्या कळफलकावर आहेत.